बढतीचे राजकारण आणि टाळलेली मोजणी

लखनौचे अमीनाबाद चिकनचे कुर्ते, कुल्फी आणि गर्दी यांसाठी देशभर ठाऊक आहे. सरकारी नोकरांच्या दृष्टीने त्याची आणखी एक ओळख आहे. चारबाग स्थानक आणि कैसरबागेतील कचेऱ्या यांच्या मधोमध असलेल्या या बाजारात स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांची दुकाने आहेत. अवधच्या खेड्यांतून येणारा मुलगा नोकरीची पहिली पायरी तेथे विकत घेतो आणि नोकरी लागल्यावर पहिल्या पगाराची खरेदीही बहुधा तेथेच करतो. नोकरीत कसे शिरावे याची पुस्तके ढिगाने मिळणाऱ्या या बाजारात शिरल्यानंतर वर कसे चढावे याचे पुस्तक मात्र कोणी छापलेले नाही. ते छापण्यासारखे स्थिरही नाही. त्याची प्रकरणे अमीनाबादपासून पायी जाण्याच्या अंतरावर, कैसरबागेतील उच्च न्यायालयाच्या जुन्या इमारतीत आणि मग दिल्लीत, वारंवार लिहिली आणि खोडली गेली आहेत.

लखनौ खंडपीठाने २०१६ मध्ये गोमतीनगरच्या नव्या वास्तूत मुक्काम हलवला. त्याआधी, ४ जानेवारी २०११ रोजी, त्याने उत्तर प्रदेश सरकारी सेवकांच्या ज्येष्ठता नियमांतील '८-अ' हा नियम आणि राज्याच्या १९९४ च्या आरक्षण कायद्यातील बढतीविषयक तरतूद घटनाबाह्य ठरवली. नियम लहानसा होता. अनुसूचित जाती-जमातीच्या कर्मचाऱ्याला आरक्षणामुळे आधी बढती मिळाली, तर वरच्या पदावरील त्याची ज्येष्ठताही कायम राहील, आणि मागाहून बढती मिळालेला सर्वसाधारण गटातील सहकारी, खालच्या पदावर त्याच्याआधीचा असला तरी, वरच्या पदावर त्याच्या मागेच राहील. नोकरी करणाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ज्येष्ठता यादीतला एक क्रमांक वर-खाली झाला की दहा वर्षांनंतर कार्यकारी अभियंता कोण होणार आणि सहायक अभियंता म्हणूनच निवृत्त कोण होणार, हे ठरून जाते.

हा नियम ऑक्टोबर २००२ मध्ये मायावतींच्या सरकारने आणला. मे २००५ मध्ये मुलायमसिंह यादवांच्या सरकारने तो काढला. सप्टेंबर २००७ मध्ये मायावतींनी तो परत घातला. पाच वर्षांत तीन अधिसूचना निघाल्या आणि त्या तिन्ही वेळी सत्तेने आपापल्या मतदाराला खूण केली. या काळात एक काम मात्र कोणी केले नाही. कोणत्या खात्यात, कोणत्या पदावर, कोणत्या समाजाचे किती लोक आहेत, हे कोणी मोजले नाही. ही मोजणी ऐच्छिक राहिलेली नव्हती. एम. नागराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यांच्या घटनापीठाने १९ ऑक्टोबर २००६ रोजी बढतीतील आरक्षण वैध ठरवले, पण त्याला अटी घातल्या. राज्याने मागासलेपण आणि अपुरे प्रतिनिधित्व आकडेवारीने दाखवावे आणि प्रशासनाच्या कार्यक्षमतेचा विचार केल्याचेही दाखवून द्यावे, असे त्या निकालाने बजावले. मायावतींनी नियम परत आणला तेव्हा हा निकाल अकरा महिन्यांचा झालेला होता. सचिवालयात तो कोणी वाचला नसेल असे मानणे कठीण आहे. वाचला असेल, तर त्यावर काहीच न करण्याचा निर्णयही कोणीतरी घेतला असणार. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश वीज महामंडळाच्या अपिलात लखनौचा निकाल कायम केला, तो नेमका याच उणिवेवर बोट ठेवून. आरक्षण देऊ नका, असे न्यायालय म्हणाले नव्हते. मोजल्याविना देता येणार नाही, एवढेच ते म्हणाले होते.

या भांडणाचे एक मूळ मराठी मातीत आहे, हे लखनौत राहणाऱ्या मराठी माणसांनाही अनेकदा ठाऊक नसते. साठच्या दशकात पुण्यातील संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत बुद्धजयंती आणि आंबेडकर जयंती या सुट्ट्या रद्द झाल्या. राजस्थानातून आलेल्या दीनाभाना या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याने विरोध केला आणि त्याला निलंबित करण्यात आले. त्याच आस्थापनेत काम करणारे कांशीराम या प्रकरणाने हलले. पुढे त्यांनी नोकरी सोडली. डी. के. खापर्डे आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी मागासवर्गीय कर्मचाऱ्यांची जी संघटना पुण्यात उभी करण्यास आरंभ केला, तिचेच रूप ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफ म्हणून पुढे आले. १४ एप्रिल १९८४ रोजी बहुजन समाज पक्ष जन्मला, त्याच्या पाठीशी कारखान्यांतला मजूर वा शेतकरी यांच्याआधी कचेरीतला पगारदार माणूस होता. जिला बढती, बदली आणि गोपनीय अहवाल यांची भाषा मातृभाषेसारखी येते अशा वर्गाचा पक्ष भारतात प्रथमच उभा राहत होता. महाराष्ट्रात हे काम कर्मचारी संघटनांच्या पातळीवर राहिले आणि उत्तर प्रदेशात त्याने सरकार बनवले. मायावतींनी पहिल्यांदा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली ती ३ जून १९९५ रोजी, आणि बढतीतील आरक्षणाला घटनेत स्थान देणारी ७७ वी घटनादुरुस्ती अमलात आली ती १७ जून १९९५ रोजी. घटनादुरुस्ती नरसिंह राव सरकारची होती, तेव्हा दोहोंत कार्यकारणभाव शोधण्याचे कारण नाही. पण दोन आठवड्यांच्या या अंतराने उत्तर प्रदेशातील कचेऱ्यांची पुढची वीस वर्षे घडवली.

कायद्याचा इतिहास थोडक्यात असा. १९६१ मध्ये रंगाचारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बढतीतील आरक्षण मान्य केले. १६ नोव्हेंबर १९९२ च्या मंडल निकालाने ते नाकारले, पण चालू असलेल्या व्यवस्थेला पाच वर्षांची मुदत दिली. ती मुदत संपण्याआधीच संसदेने ७७ वी दुरुस्ती करून घटनेत १६(४अ) हे कलम घातले. न्यायालयाने मग ज्येष्ठतेच्या वाटेने मर्यादा घातली: मागासवर्गीयाला बढती आधी मिळो, पण मागून येणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्याला आपली जुनी जागा परत मिळेल, असे १९९५ आणि १९९९ च्या निकालांनी ठरवले. संसदेने ८५ व्या दुरुस्तीने, पूर्वलक्षी प्रभावाने, ज्येष्ठताही देऊ केली. न्यायालय आणि संसद यांच्या या ओढाताणीत दोघांच्याही बाजूने घटनेचे तात्त्विक बळ होते. राज्य सरकारांच्या बाजूने मात्र ना तत्त्व होते ना आकडे. तरीही भरडला गेला तो राज्याचाच कर्मचारी.

१६(४अ) हे कलम फक्त अनुसूचित जाती आणि जमातींबद्दल बोलते. इतर मागासवर्गीयांना बढतीत आरक्षण नाही. समाजवादी पक्षाच्या भूमिकेचे गणित येथे आहे. त्या पक्षाचा मुख्य आधार असलेल्या जातींना भरतीत वाटा आहे पण बढतीत नाही, म्हणजे बढतीच्या प्रश्नावर त्यांचा कर्मचारी सवर्ण कर्मचाऱ्याच्या शेजारी जाऊन बसतो. मंडलच्या लढाईत समोरासमोर उभे असलेले दोन गट २०१२ मध्ये एका मंडपाखाली आले ते विचारपरिवर्तनाने नव्हे. मायावतींची कोंडी उलट्या बाजूची होती. २००७ मध्ये ४०३ पैकी २०६ जागा त्यांनी जिंकल्या त्या ब्राह्मण मतदारांना सोबत घेऊन. त्याच वर्षी त्यांनी ८-अ नियम परत आणला. तिकीटवाटपात जमलेली ही सोयरीक सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांच्या ज्येष्ठता याद्यांत जमण्यासारखी नव्हती.

मार्च २०१२ मध्ये अखिलेश यादव मुख्यमंत्री झाले आणि सहा आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. नव्या सरकारने तो विनाविलंब अमलात आणण्याचे ठरवले. लखनौत सर्वजन हिताय संरक्षण समिती आणि आरक्षण बचाओ संघर्ष समिती अशा दोन फळ्या उभ्या राहिल्या. डिसेंबर २०१२ मध्ये पहिली फळी संपावर गेली आणि दुसरीने काम चालू ठेवले. एकाच कचेरीत एका टेबलावर काम आणि शेजारच्या टेबलावर संप असे दृश्य भारतीय कर्मचारी चळवळीला नवे होते. पगारवाढीसाठी, महागाई भत्त्यासाठी, निवृत्तिवेतनासाठी ज्या संघटना एकत्र लढल्या, त्या जातीच्या रेषेवर फाटल्या. ही फाट पुढे सांधली गेली असे म्हणता येत नाही.

दिल्लीत त्या महिन्यात जे झाले ते संसदेच्या दप्तरात आहे. ११७ वे घटनादुरुस्ती विधेयक ५ सप्टेंबर २०१२ रोजी राज्यसभेत मांडले गेले तेव्हाच समाजवादी आणि बहुजन समाज पक्षांच्या सदस्यांत झोंबाझोंबी झाली होती. १७ डिसेंबरला ते २०६ विरुद्ध १० मतांनी संमत झाले. लोकसभेत समाजवादी पक्षाच्या सदस्याने मंत्र्याच्या हातातील कागद हिसकावले. त्यानंतर ते विधेयक पुढे सरकले नाही आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले. २०६ मतांत काँग्रेस होती, भाजप होता, डावे होते. राज्यसभेत जवळपास सर्वांनी पाठिंबा दिलेले विधेयक लोकसभेत सर्वांच्या संमतीने विस्मरणात जाते, यात आश्चर्य वाटण्याचे दिवस केव्हाच गेले. मत देऊन श्रेय मिळाले होते. कायदा करून रोष ओढवण्याची घाई कोणालाच नव्हती.

मग आले २०१५. सर्वोच्च न्यायालयातील अवमान याचिकेच्या दडपणाखाली उत्तर प्रदेश सरकारने १५ नोव्हेंबर १९९७ ते २८ एप्रिल २०१२ या काळात आरक्षणाने बढती मिळालेल्यांना खालच्या पदावर आणण्यास सुरुवात केली. पाटबंधारे, बांधकाम, वीज अशा खात्यांत अभियंते एक-दोन पायऱ्या खाली उतरले. पदावनती हा शब्द सेवानियमांत शिक्षेच्या प्रकरणात येतो. लाच घेणाऱ्याला, कामचुकाराला, चौकशीअंती दोषी ठरलेल्याला पदावनत करतात. येथे कोणावर आरोपपत्र नव्हते, चौकशी नव्हती. सरकारनेच दिलेल्या आदेशाने वर गेलेला माणूस सरकारच्याच आदेशाने खाली आला. ज्या कार्यकारी अभियंत्याने काल उपविभागाची देयके तपासली, तो आज उपविभागात बसला आणि त्याची देयके कालच्या कनिष्ठाकडे जाऊ लागली. त्याच्या शेजारी दुसरा माणूस होता: पंधरा वर्षे आपल्यामागून आलेल्यांना पुढे जाताना पाहिलेला, न्यायालयात वर्गणी भरलेला आणि निकाल लागेतो निवृत्तीला टेकलेला. या दोघांपैकी कोणावर अधिक अन्याय झाला, हा प्रश्न लखनौच्या दोन्ही मंडपांत गेली अनेक वर्षे विचारला जातो. तो विचारायला लावणे हेच सरकारचे यश आहे. दोघांचेही प्रतिवादी मंत्रालयात बसलेले असताना ते एकमेकांना प्रतिवादी मानत राहिले.

लखनौतल्या मराठी माणसांचे या सगळ्याशी नाते सरळ नाही. सराफ्यात सोने गाळणारी खानापूर-आटपाडीकडची गलाई मंडळी आहेत. त्यांच्या धंद्यात ज्येष्ठता यादी नसते, भट्टी कोणाची एवढेच पाहतात. बँकांत, विमा महामंडळात आणि रेल्वेच्या संशोधन संस्थेत बदलून आलेले अधिकारी आहेत. त्यांच्यासाठी बढती म्हणजे मुख्यतः बदली. नाशिक वा सोलापूरच्या शाखेतील लिपिक अधिकारी होतो आणि त्याच्या हाती उत्तरेचे तिकीट पडते, म्हणून कित्येक जण बढती नाकारून गावात राहतात, ज्यांच्या घरी वृद्ध आईवडील आहेत किंवा बायकोची नोकरी आहे असे विशेषकरून. बढती नाकारणाऱ्यांत स्त्रिया अधिक का असतात याचे उत्तर बँकेच्या परिपत्रकात नव्हे, घरात सापडते. तिसरा गट उत्तर प्रदेश संवर्गातील मराठी सनदी अधिकाऱ्यांचा, ज्यांच्या टेबलावर इतरांच्या बढतीच्या नस्ती येतात. या तिन्ही गटांतली माणसे उत्तर प्रदेशातील भांडणाकडे परक्याचे भांडण म्हणून पाहत आली. 'आमच्याकडे असे नसते', हा त्यांच्या बोलण्याचा सूर असे.

आमच्याकडे काय होते ते पाहावे. महाराष्ट्राचा आरक्षण कायदा २९ जानेवारी २००४ पासून अमलात आला आणि २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने बढतीत ३३ टक्के आरक्षण लागू झाले: अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त व भटक्या जमाती ११, विशेष मागास प्रवर्ग २. घटनेचे १६(४अ) कलम पहिल्या दोघांपुरतेच बोलते. म्हणजे ३३ पैकी १३ टक्क्यांना त्या कलमाचा आधार मुळातच नव्हता आणि उरलेल्या २० टक्क्यांसाठी पुढे नागराज निकालाने मागितलेली आकडेवारी कोणी गोळा केली नाही. त्या काळात राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे सरकार होते, नंतर भाजप आणि शिवसेनेचे आले, मग तिन्ही पक्षांच्या आघाडीचे आले. पक्ष बदलले तरी मोजणी झाली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने आणि ४ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २५ मे २००४ चा शासन निर्णय रद्द ठरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

यानंतर मंत्रालयाने जे केले त्यास प्रशासनशास्त्रात नाव नसावे. २९ डिसेंबर २०१७ च्या पत्राने खुल्या गटातील बढत्या चालू ठेवल्या गेल्या आणि राखीव वाट्याच्या जागा रिकाम्या राहिल्या. त्यामुळे ज्येष्ठतेनेही वर जाण्यास पात्र असलेला मागासवर्गीय कर्मचारी, तो राखीव म्हणून ओळखला जातो एवढ्याच कारणाने, जागच्या जागी थांबला. आरक्षण नाकारले गेले की तो सर्वसाधारण उमेदवार होतो, हे साधे तर्कशास्त्रही पाळले गेले नाही. ७ मे २०२१ रोजी सरकारने पुन्हा दिशा बदलली: बढतीच्या सर्व जागा २५ मे २००४ रोजीच्या ज्येष्ठतेनुसार, न्यायालयाच्या निकालाधीन राहून, भराव्यात. सतरा वर्षांपूर्वीची यादी बाहेर काढून तिच्यावर आजची कचेरी चालवावयाची होती. ज्यांना मधल्या काळात आरक्षणाने बढती मिळाली ते त्या यादीत आपल्या जुन्या क्रमांकावर गेले. सरकारमधलेच मंत्री नितीन राऊत उघड विरोधात उभे राहिले, काँग्रेसने आघाडीत नाराजी नोंदवली, चर्चा झाल्या. लखनौतील दोन मंडप मुंबईत एका मंत्रिमंडळात बसलेले होते, इतकाच काय तो फरक.

दोन्ही राज्यांत एक जुनी चलाखी आहे. बढती देता येत नसेल तर पैसा द्यावा. उत्तर प्रदेशात दहा, सोळा आणि सव्वीस वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी मिळते. महाराष्ट्रात सुधारित सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेने दहा, वीस आणि तीस वर्षांनंतर. या योजनांनी लाखो घरांना आधार दिला, हे मान्य केलेच पाहिजे. पण पैसा वाढला तरी सही वाढत नाही. कक्ष अधिकाऱ्याचे वेतन घेणारा सहायक टिपणी लिहितो आणि ती वर पाठवतो, तिच्यावर निर्णय घेत नाही. खालच्या जातींतून आलेल्या पहिल्या पिढीच्या नोकरदाराला निर्णयाच्या खुर्चीचे मोल पगारापेक्षा अधिक असते, कारण त्याच्या वस्तीतला माणूस तहसीलात वा वीज कचेरीत जातो तेव्हा त्या खुर्चीत कोण बसले आहे याने फरक पडतो. आणि खुल्या गटातील ज्येष्ठ लिपिकालाही निवृत्तीच्या निरोपपत्रावर कोणते पदनाम असेल याची चिंता असते. या चिंतेला क्षुद्र म्हणणारे बहुधा स्वतः सचिव झालेले असतात.

मोजणी अशक्य आहे, असा बचाव वारंवार केला जातो. कर्नाटकाने तो खोटा ठरवला आहे. ९ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बी. के. पवित्र खटल्यात कर्नाटकाचा कायदा आकडेवारीअभावी रद्द केला. तेथील सरकारने रत्नप्रभा समिती नेमली, ३१ खात्यांतील माहिती गोळा केली, तिच्यावर नवा कायदा केला, आणि १० मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. हा निकाल देणाऱ्या पीठातील दोन्ही न्यायमूर्ती, उदय लळित आणि धनंजय चंद्रचूड, मराठी होते, हा योगायोग. पण लखनौ आणि मुंबई येथे जे काम दहा-दहा वर्षे झाले नाही ते बंगळुरूत दोन वर्षांच्या आत कायद्यासकट झाले, हा योगायोग नव्हे. त्या राज्याला आपला कायदा खरोखर टिकवायचा होता. दरम्यान सप्टेंबर २०१८ मध्ये जर्नेलसिंग खटल्यात घटनापीठाने अनुसूचित जाती-जमातींचे मागासलेपण पुन्हा सिद्ध करण्याची अट काढून टाकली आणि त्यांतील उन्नत स्तर वगळण्याचे तत्त्व मान्य केले. २८ जानेवारी २०२२ च्या निकालात, ज्या पीठात अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते, प्रतिनिधित्वाची मोजणी संपूर्ण सेवेची नव्हे, संवर्गानुसार करावी असे स्पष्ट झाले. म्हणजे प्रत्येक पदाची यादी वेगळी, प्रत्येक यादीचा हिशेब वेगळा. काम किचकट झाले, पण अवघड म्हणता येणार नाही. पगारपत्रकावर दर महिन्याला प्रत्येक नाव असते आणि सेवापुस्तकात प्रत्येकाचा प्रवर्ग लिहिलेला असतो.

मग मोजत का नाहीत? एक उत्तर असे, की मोजणी दोन्ही बाजूंना अडचणीची ठरू शकते. काही संवर्गांत राखीव वाटा पुरा भरलेला निघेल आणि तेथे बढतीतील आरक्षण थांबवावे लागेल. १९९५ च्या सभरवाल निकालाने बिंदुनामावलीबाबत हेच सांगितले आहे. इतर कित्येक संवर्गांत, विशेषतः वरच्या, रकाना रिकामा निघेल आणि 'गुणवत्तेवर अन्याय' हे घोषवाक्य लंगडे पडेल. आकडे आले की प्रत्येक संवर्गाचा प्रश्न वेगळा होतो आणि सरसकट घोषणा देता येत नाही. ज्या पक्षांची भाकरी सरसकट घोषणांवर भाजते त्यांना हे परवडत नाही. दुसरे उत्तर सचिवालयाच्या वरच्या मजल्यावर सापडते आणि त्याची चर्चा कमी होते.

सनदी अधिकाऱ्याची बढती दिनदर्शिकेवर चालते. चार वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, नऊ वर्षांनी कनिष्ठ प्रशासकीय श्रेणी, तेरा वर्षांनी निवड श्रेणी, सोळा वर्षांनी सचिवपदाची श्रेणी, पंचवीस वर्षांनी प्रधान सचिव. तेथे आरक्षणाचा वाद नाही, कारण त्या पायऱ्यांवर आरक्षण नाही. ज्येष्ठतेचा वाद नाही, कारण तुकडीचे वर्ष कपाळावर लिहिलेले असते. जानेवारी उजाडला की आदेश निघतात. खालच्या संवर्गाची विभागीय पदोन्नती समिती ज्यांनी बोलवायची, ज्येष्ठता यादी ज्यांनी अंतिम करायची, गोपनीय अहवालांची पूर्तता ज्यांनी करून घ्यायची, त्यांच्या स्वतःच्या बढतीला यांपैकी कशाचीच खीळ बसत नाही. बैठक लांबली, एका सदस्याची बदली झाली, यादीवर हरकती आल्या, न्यायालयाचा निकाल यायचा आहे, अशी कारणे नस्तीवर चढतात आणि नस्ती कपाटात जाते. तोवर तदर्थ बढत्या देऊन काम भागते. तदर्थ बढती मिळालेला माणूस मिंधा असतो, हा या पद्धतीचा कोणी न बोललेला लाभ आहे.

या दिनदर्शिकेचाही एक अदृश्य उतार आहे. २०११ मधील सरकारी आकडेवारीप्रमाणे केंद्रातील १४९ सचिवांमध्ये अनुसूचित जातीचा एकही अधिकारी नव्हता, अनुसूचित जमातीचे चार होते. वयाची सवलत घेऊन जो अठ्ठाविसाव्या-तिसाव्या वर्षी सेवेत येतो, त्याची सेवा बाविसाव्या वर्षी आलेल्या सहकाऱ्यापेक्षा सहा-आठ वर्षांनी कमी भरते, आणि शेवटच्या दोन पायऱ्या नेमक्या त्या सहा-आठ वर्षांतच असतात. नियमात कोठेही भेद नसताना निष्पत्तीत भेद निघतो. मोजणीने दिसते ते हे. केवळ आरक्षण हवे की नको या वादात ते कधीच दिसत नाही, आणि त्यावरचा इलाजही बहुधा आरक्षणात नसून नेमणुकांच्या निकषांत आहे.

महाराष्ट्राच्या यादीतील तारखेकडे पुन्हा पाहिले तर काळाचा हिशेब समोर येतो. २५ मे २००४ रोजी सेवेत असलेला प्रत्येक राज्य कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनात मोडतो, कारण महाराष्ट्रात नवी योजना आली ती १ नोव्हेंबर २००५ पासून. जुन्या योजनेत निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या निम्मे. म्हणजे अडलेली बढती त्याला सेवेत एकदा नडते आणि नंतर मरेपर्यंत दर महिन्याला. न्यायालयाने उद्या कोणताही निकाल दिला तरी सरकार त्याला फार तर मानीव दिनांक देईल: अमुक दिवशी तुम्ही वरच्या पदावर गेला होतात असे कागदोपत्री समजून वेतन ठरवील. त्या पदावर त्याने घ्यावयाचे निर्णय, कनिष्ठांना द्यावयाची शिस्त, जनतेशी त्या खुर्चीतून व्हावयाचा व्यवहार मानीव दिनांकाने परत येत नाही. त्या दिवशी जो चाळीस वर्षांचा होता तो २०२२ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, सेवेतून बाहेर पडला. मुंबई आणि लखनौ येथील कपाटांतल्या नस्तींवर त्याच्यासारख्यांची नावे अजूनही विचाराधीन म्हणून लिहिलेली असतील, तर ती आधी वगळावी लागतील आणि मग उरलेल्यांची बैठक बोलवावी लागेल.